मुकी पेटी
मिडी कंट्रोलर, साउंड मॉड्यूल आणि सॉफ्टवेअर सिंथ यांचा प्राथमिक परिचय



इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाने स्मरणिकेत संगीताच्या यंत्रांविषयी का लिहावे, असा प्रश्न आपणास पडेल. त्याचे उत्तर माझ्याच एका फजितीत आहे. काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या आदल्या दिवशी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेतलेला एक नवा कीबोर्ड शाळेत आला. एकोणपन्नास पट्ट्या, उजवीकडे रबराचे आठ चौकोन आणि काही फिरत्या खुंट्या. वसतिगृहातील सारी मुले भोवती जमली. वायर जोडली, दिवा लागला, पट्टी दाबली; आवाज नाही. स्पीकरची पिन खोचावी तर मागे तसे छिद्रच नाही. अर्धा तास खटपट करून मी निकाल दिला, "यंत्र सदोष आहे." ते खोक्यात परत गेले आणि जयंती जुन्या पेटीवर पार पडली.

आठवड्याभराने भोरकडे बँजो पार्टीत पॅड वाजवणारा आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याने खोके उघडून पाहिले आणि हसून म्हणाला, "सर, हे बिघडलेलं नाही. ह्याला स्वतःचा आवाज नसतोच. हे फक्त सांगतं. बोलतं दुसरंच कोणीतरी."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. प्रस्तुत लेख हा त्याच वाक्याचा विस्तार आहे. आज अनेक पालक मुलांची आवड पाहून कष्टाचे पैसे अशा यंत्रांवर खर्च करतात. काय घेतो आहोत हे न कळता घेतलेली वस्तू माळ्यावर पडते आणि मुलाचा हिरमोड होतो, तो वेगळाच. ही वेळ कोणावर येऊ नये, हा लेखाचा पहिला हेतू. दुसरा हेतू शेवटी सांगेन.

१. पेटी उघडून पाहू

आपल्या सर्वांच्या ओळखीच्या हार्मोनियमपासून आरंभ करू. पेटीत तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली, पट्ट्या : येथे बोट ठरवते की कोणता स्वर वाजायचा. दुसरी, पट्टी दाबताच आतील झडप उघडणारी यांत्रिक जोडणी : ही बोटाचा निरोप आत पोचवते. तिसरी, पितळी सूर : भात्याची हवा त्यांतून जाते आणि प्रत्यक्ष नाद उमटतो.

आता कल्पना करा, की कोणी पेटीतून सारे सूर काढून शेजारच्या खोलीत ठेवले आणि पट्ट्यांपासून त्या खोलीपर्यंत एक तार ओढली. पट्टी येथे दाबायची, सूर तेथे वाजणार. आपल्या हातातली पेटी मुकी झाली, पण निरुपयोगी झाली नाही. उलट, शेजारच्या खोलीत सुरांऐवजी सतार ठेवली तर त्याच पट्ट्यांनी सतार वाजेल, सनई ठेवली तर सनई.

या दृष्टान्तात आजचा सारा विषय आला. मुकी पेटी म्हणजे मिडी कंट्रोलर. तारेतून जाणारा निरोप म्हणजे मिडी. शेजारच्या खोलीत नाद निर्माण करणारे स्वतंत्र यंत्र म्हणजे साउंड मॉड्यूल. आणि तेच काम संगणकाच्या किंवा मोबाइलच्या आत करणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर सिंथ.

घरगुती कीबोर्डमध्ये पट्ट्या, नाद आणि स्पीकर एकाच खोक्यात असतात. त्यामुळे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. माझी फजिती तेथेच झाली.

२. मिडी म्हणजे काय?

मिडी हे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या नावाचे लघुरूप. ती वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची ठरवून घेतलेली भाषा आहे. १९८० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी होती. एकीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्ह स्मिथ यांनी समाईक भाषेचा प्रस्ताव मांडला. जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी इतर जपानी कंपन्यांना एकत्र आणले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात या दोघांच्या कंपन्यांची दोन वाद्ये एका वायरीने जोडली गेली आणि एकावर दाबलेला स्वर दुसऱ्यातून वाजला. त्याच वर्षी या भाषेचे नियम प्रसिद्ध झाले.

काकेहाशी लहानपणीच क्षयरोगाने आईवडिलांना पारखे झाले होते. पुढे ऐन तारुण्यात त्यांनाही तोच रोग जडला आणि काही वर्षे रुग्णालयात काढावी लागली. घड्याळे व रेडिओ दुरुस्त करीत ते या क्षेत्रात आले. संगीताचे पद्धतशीर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा कोणाच्या मालकीची न ठेवता साऱ्यांना खुली ठेवली. ती वापरण्यासाठी स्वामित्वधन आकारले नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड लागते. १९२७ मध्ये तेथील तळे सर्वांना खुले असावे म्हणून आपल्या पूर्वजांनी पाऊल उचलले. खुल्या ठेवलेल्या गोष्टीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये या दोघांना तांत्रिक कार्यासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पण त्याहून मोठी पावती अशी, की चाळीस वर्षांपूर्वीचे मिडी वाद्य आजच्या संगणकाशी आजही बोलू शकते.

आता ही भाषा प्रत्यक्ष पाहू. पट्टी दाबताच यंत्र तीन आकडे पाठवते. उदाहरणार्थ : १४४, ६०, १००. पहिला आकडा सांगतो, "पहिल्या वाहिनीवर स्वर सुरू कर." दुसरा सांगतो, "कोणता स्वर." तिसरा सांगतो, "पट्टी किती जोरात दाबली." बोट उचलले की दुसरा निरोप जातो : १२८, ६०, ०. म्हणजे "तो स्वर थांबव."

स्वरांचे क्रमांक ० ते १२७ असे आहेत. मधल्या सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६०. तेथून एकेक पट्टी पुढे जा : काळी एक ६१, पांढरी दोन ६२, काळी दोन ६३, पांढरी तीन ६४, पांढरी चार ६५, काळी तीन ६६, पांढरी पाच ६७, काळी चार ६८, पांढरी सहा ६९, काळी पाच ७०, पांढरी सात ७१ आणि तार सप्तकातील पांढरी एक ७२. आपल्या गायकांची पट्टी आणि मिडीचे आकडे असे सरळ जुळतात. काळी एकमध्ये बसवलेले गीत मुलींसाठी काळी चारमध्ये न्यायचे असेल, तर यंत्र प्रत्येक आकड्यात ७ मिळवते. बोटे तीच राहतात. कीबोर्डवरचे ट्रान्सपोज बटण याहून अधिक काही करीत नाही.

जोराचा आकडा १ ते १२७ असतो. पेटीवर पट्टी हळू दाबा वा जोरात, नादाचा लहानमोठेपणा भात्यावर ठरतो. तबल्यावर मात्र तो आघातावर ठरतो. मिडी कंट्रोलरची पट्टी या बाबतीत तबल्यासारखी आहे. म्हणून पेटी वाजवणाऱ्याला आरंभी बोटांचा जोर नव्याने साधावा लागतो. भात्याचे काम येथे वेगळी खुंटी, सरकपट्टी किंवा पायपट्टी करते. तिचेही निरोप आकड्यांतच जातात.

एका तारेतून सोळा वाहिन्यांचे निरोप जाऊ शकतात. पहिलीवर पेटी, दुसरीवर बासरी, दहावीवर तालवाद्ये अशी वाटणी करता येते. निरोप ऐकणारे यंत्र आपल्या वाहिनीचेच तेवढे ऐकते. एका वर्गात सोळा हजेरी क्रमांक आहेत आणि ज्याचे नाव घेतले तोच उभा राहतो, असे समजा.

ध्यानात ठेवायचा मुद्दा हा, की या तारेतून आवाज जात नाही. म्हणूनच मिडीची फाइल अगदी लहान असते. पाच मिनिटांच्या गीताचे सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण सुमारे ५० एमबी जागा घेते. त्याच गीताची मिडी फाइल बहुधा काही दहा केबींत मावते. पहिल्यात आवाज साठवलेला आहे, दुसरीत "काय वाजवायचे" एवढेच लिहिलेले आहे.

३. कंट्रोलर : सांगणारा हात

कंट्रोलर म्हणजे केवळ पट्ट्याच असे नाही. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत, हळदीत, गणपतीत वाजणारे पॅड सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टापॅड हे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचले आहे. १९८५ मध्ये रोलँडने आणलेल्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही नाद नव्हता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आठ रबरी चौकोन आणि मिडीचे छिद्र, एवढेच त्याचे रूप. काठी मारली की ते दुसऱ्या यंत्राला निरोप देत असे आणि ढोल त्या दुसऱ्या यंत्रात वाजत असे. नाद आणि पॅड एकाच खोक्यात आले ते पुढच्या काळात. आमच्या त्या माजी विद्यार्थ्याला मुका कीबोर्ड पाहताच उमगला, कारण पॅडच्या मागची मिडीची छिद्रे त्याच्या रोजच्या वापरातली होती.

कंट्रोलर निवडताना पट्ट्यांची संख्या पाहावी. २५ पट्ट्यांचा छोटा कंट्रोलर एका हाताने चाल बसवायला पुरतो. आपल्या पेटीला साधारण तीन ते साडेतीन सप्तके असतात, म्हणून पेटी वाजवणाऱ्याला ४९ पट्ट्या सोयीच्या. दोन्ही हातांनी वाजवणाऱ्याने ६१ घ्याव्यात. ८८ पट्ट्या पियानो शिकणाऱ्यासाठी. पट्ट्यांची रुंदीही पाहावी. काही कंट्रोलरच्या पट्ट्या पेटीपेक्षा अरुंद असतात आणि सवयीचा हात त्यांवर अडखळतो.

डाव्या बाजूला बहुधा दोन चाके असतात. त्यांपैकी एक स्वर वरखाली वाकवते. त्यालाच पिच बेंड म्हणतात. पेटीवर न निघणारी मींड या चाकाने काही अंशी साधता येते. पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिला मींड नाही, हा आक्षेप जुनाच आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती तीन दशके टिकली. बारा पट्ट्यांची तीच मर्यादा मिडी कीबोर्डलाही आहे. २०२० मध्ये आलेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत स्वरांच्या व जोराच्या सूक्ष्म छटांना अधिक वाव आहे, परंतु नवशिक्याचे काम पहिल्या आवृत्तीवर उत्तम चालते.

४. साउंड मॉड्यूल : बोलणारे खोके

साउंड मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला कीबोर्ड. आत नाद साठवलेले असतात. मागे मिडीचे आत येणारे छिद्र आणि आवाज बाहेर जाणारे छिद्र असते. एकेकाळी ऑर्केस्ट्रावाले एका कीबोर्डखाली अशी दोन-तीन खोकी ठेवत. संगणकावर भार नाही, सुरू करताच तयार, हा त्याचा गुण. किंमत अधिक आणि नाद ठरावीक, ही त्याची मर्यादा.

मिडीच्या जुन्या छिद्रांवर तीन नावे आढळतात : इन, आउट आणि थ्रू. सांगणाऱ्याचे आउट हे ऐकणाऱ्याच्या इनला जोडायचे. आलेला निरोप जसाच्या तसा तिसऱ्या यंत्राकडे पाठवायचा असेल तर थ्रू. नवशिके हमखास आउटला आउट जोडतात आणि "वाजत नाही" म्हणतात. आजचे बहुतेक कंट्रोलर यूएसबीच्या एकाच वायरीने संगणकाला जोडले जातात. त्याच वायरीतून त्यांना वीजही मिळते.

१९९१ मध्ये जनरल मिडी नावाचा करार झाला. १२८ नादांची एक यादी ठरली, जेणेकरून एका यंत्रावर रचलेले गीत दुसऱ्यावर भलत्याच वाद्यात वाजू नये. यादीत पहिला क्रमांक पियानोचा. १०५ वर सतार आहे, ११२ वर सनई आहे. दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखलेली असून तीत ड्रम, काँगो, बोंगो, झांजा अशी वाद्ये आहेत. तबला त्या यादीत नाही. ढोलकी नाही. हलगीही नाही. या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

५. सॉफ्टवेअर सिंथ : संगणकातला वादक

मिडी येण्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रे घेऊन दहा रागांवर आधारित एक ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही; आज ती जगभरचे अभ्यासक ऐकतात. त्या काळी अशी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणक इतके वेगवान झाले, की त्या यंत्रांचे काम आज्ञावली करू लागली. आज शाळेच्या संगणक कक्षातील साध्या संगणकावरही ते शक्य आहे.

सॉफ्टवेअर सिंथचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला, नमुन्यांवर चालणारा. त्याला सॅम्पलर म्हणतात. खऱ्या वाद्याचा एकेक आघात किंवा स्वर मुद्रित करून ठेवलेला असतो. मिडीचा निरोप आला की तो नमुना वाजतो. दुसरा प्रकार नाद मुळापासून घडवतो. त्यात ऑसिलेटर मूळ कंप निर्माण करतो. फिल्टर चाळणीसारखा त्यातील तीक्ष्ण किंवा घोगरा भाग गाळतो. आणि एन्व्हलप ठरवतो, की नाद कसा उमटावा, किती टिकावा आणि कसा विरावा. शाळेची घंटा आठवा : टोल पडताच नाद पूर्ण उंचीवर जातो आणि सावकाश विरतो. बासरीत फुंक भरता भरता नाद वाढतो आणि फुंक थांबताच संपतो. घंटा आणि बासरी यांतला हा फरक एन्व्हलपच्या चार खुंट्यांनी घडवता येतो.

पैसे न खर्चता आरंभ करता येतो. एलएमएमएस ही रचना करण्याची खुली व मोफत आज्ञावली आहे. सर्ज हा खुला आणि मोफत सिंथ आहे. म्यूझस्कोरमध्ये स्वरलेखन करून ते ऐकता येते. ध्वनिमुद्रण आणि कापाकापीसाठी ऑडासिटी आहे. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, त्या प्रणालीत मिडीची सोय आहे. त्यामुळे ओटीजीची छोटी जोडणी वापरून अनेक मोबाइलना कंट्रोलर लावता येतो. वेल्ह्याच्या पावसात वीज गेली तरी भरलेल्या मोबाइलवर सराव थांबत नाही. दमट हवेत ढोलकीचे चामडे उतरते तसे येथे काही उतरत नाही, हीसुद्धा आपल्या भागात लहान सोय नव्हे.

६. जोडल्यावर येणाऱ्या अडचणी

पट्टी दाबल्यावर नाद उशिरा येत असेल तर त्याला लेटन्सी म्हणतात. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा वादक साडेतीन मीटरवर उभा असल्यासारखा आहे. तो जाणवत नाही. १०० मिलिसेकंद म्हणजे वादक ३४ मीटरवर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तेथे ताल धरणे अशक्य. ब्लूटूथ स्पीकरमुळे उशीर बहुधा एवढा किंवा याहून अधिक होतो. म्हणून वाजवताना वायरचा स्पीकर किंवा हेडफोनच वापरावा. विंडोज संगणकावर आसिओ प्रकारचा ड्रायव्हर बसवावा आणि बफरचा आकडा आवाज तुटू न देता शक्य तितका कमी ठेवावा.

कधी एखादा स्वर अडकून सतत वाजत राहतो. याचे कारण आता आपल्याला सांगता येईल : "सुरू कर" हा निरोप पोचला, पण "थांबव" हा पोचण्यापूर्वी वायर निसटली. यावर उपाय म्हणून बऱ्याच आज्ञावलींत पॅनिक नावाचे बटण असते. ते सारे स्वर एकदम थांबवते.

काहीच वाजत नसेल तर क्रमाने चार प्रश्न विचारावेत. निरोप निघतो आहे का? तो योग्य वाहिनीवर आहे का? ऐकणाऱ्या आज्ञावलीत कंट्रोलरची निवड केली आहे का? आणि निर्माण झालेला आवाज स्पीकरपर्यंत जातो आहे का? जयंतीच्या आदल्या दिवशी मला हे चार प्रश्न ठाऊक असते, तर मुलांची ती संध्याकाळ वाया गेली नसती.

७. पालकांसाठी खरेदीपूर्व सल्ला

घरी जुना कीबोर्ड असेल तर प्रथम त्याची मागची बाजू पाहा. तेथे यूएसबीचे चौकोनी छिद्र किंवा मिडीचे पाच पिनांचे गोल छिद्र असेल, तर तो कंट्रोलर म्हणून बहुधा वापरता येईल. नवा घेण्याची गरज नाही. घरी संगणक नसेल आणि मुलाला लगेच वाजवायचे असेल, तर स्पीकरसह येणारा साधा कीबोर्डच बरा. संगणक किंवा चांगला मोबाइल असेल आणि मुलाला रचना करायची असेल, तर मुका कंट्रोलर स्वस्तात अधिक देतो. साउंड मॉड्यूलचा विचार नियमित कार्यक्रम करणाऱ्यांनीच करावा. आणि दुकानात विचारायचा एकच प्रश्न विसरू नये : "ह्याला स्वतःचा आवाज आहे का?"

८. यादीत नसलेला नाद

आता लेखाचा दुसरा हेतू. इतिहासाचा विद्यार्थी कोणतीही यादी वाचताना तीत कोण नाही, हे आधी पाहतो. १२८ नादांच्या यादीत हलगी नाही, हे करार करणाऱ्यांचे कपट नव्हते. त्यांनी ती ऐकलीच नव्हती. पण आपण तर ऐकली आहे. आपल्या गावांत हलगी, डफडे वाजवणे हे कित्येक पिढ्या जातीने लादलेले काम होते. बाबासाहेबांच्या चळवळीने स्वाभिमान जागवला तेव्हा अनेकांनी गावकीची अपमानाची कामे टाकली आणि त्यांसोबत अनेक ठिकाणी वाद्येही खाली ठेवली गेली. ते योग्यच होते. त्याच काळात भीमराव कर्डकांच्या जलशांनी आणि पुढे वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी वाद्य पुन्हा हाती घेतले, ते स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःचे म्हणणे मांडण्यासाठी. वाद्य तेच होते. ते कोणाच्या आज्ञेने वाजते, हे बदलले होते.

सॅम्पलरने आपल्याला आज एक नवी सोय दिली आहे. हलगी मंद आचेवर तापवा. बंद वर्गखोलीत, पंखे थांबवून, मोबाइलवर एकेक आघात मुद्रित करा : जाड काठीचा, बारीक काडीचा, मध्यावरचा, कडेचा, प्रत्येक आघात हळू, मध्यम आणि जोरात. दोन आघातांत पूर्ण शांतता ठेवा. ऑडासिटीत ते तुकडे वेगळे करा, सॅम्पलरमध्ये भरा आणि कंट्रोलरच्या आठ रबरी चौकोनांवर मांडा. यादीत नसलेला नाद आपल्या यंत्रात आला. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, एक अपवाद वगळता : ज्याने हलगी वाजवली त्याची. त्याला आधी विचारा, मानधन द्या आणि फाइलच्या नावात त्याचे नाव लिहा. फुकट वाजवून घेण्याची जुनी रीत आपल्या हातून नव्या यंत्रात शिरू नये.

येथे एक भेद मात्र विसरू नये. आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यातून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन उभे केले. ते महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत पोचले आणि त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बाबासाहेबांवर बायांनी रचलेल्या ओव्याही त्यांत आहेत. १९९० च्या दशकात त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणाचे काम करणारे फ्रेंच संगणकतज्ज्ञ होते बर्नार्ड बेल. याच बेल यांनी जेम्स किपेन यांच्यासह १९८० च्या दशकात तबल्याच्या कायद्यांचे व्याकरण संगणकात मांडणारी बोल प्रोसेसर ही आज्ञावली घडवली होती. तिची पुढची आवृत्ती मिडीचे निरोप पाठवून वाद्ये वाजवू लागली.

हा माणूस दोन्ही मार्ग जाणत होता. तबल्याच्या कायद्याची रचना निरोपांत लिहिता येते, म्हणून तेथे आज्ञावली. जात्याशी बसलेल्या बाईचा आवाज, तिचा श्वास, मागची घरघर निरोपांत मावत नाही, म्हणून तेथे ध्वनिमुद्रण. आपल्या आजीची ओवी मिडीवर बसवून "जपली" असे कोणी मानू नये. आधी तिचा आवाज मुद्रित करावा, तिचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. मग त्या चालीवर खुशाल नवी रचना करावी.

९. स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी आणि उत्साही पालकांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

(१) धम्मवंदनेतील आपल्या ओळखीच्या एखाद्या चालीचे पहिले आठ स्वर पेटीवर शोधा आणि त्यांचे मिडी क्रमांक लिहा. मग प्रत्येकात ५ मिळवून पुन्हा वाजवा. काय बदलले, काय तसेच राहिले?

(२) घंटा, बासरी आणि ढोलकी यांचे नाद कसे उमटतात व विरतात, याची रेषाकृती काढा.

(३) घरातील किंवा गावातील एका वाद्याचे दहा आघात मुद्रित करा. वाजवणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि त्यांनी ते कोणाकडून शिकले, हे वहीत नोंदवा.

तिसऱ्या स्वाध्यायाच्या वह्या आणि फाइली शाळेत जमा कराव्यात, ही माजी विद्यार्थ्यांना विनंती. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांतील नादांचा एक छोटा संग्रह त्यातून उभा राहील. खोक्यात परत गेलेला तो कीबोर्ड आता संगणक कक्षात मांडलेला आहे. इयत्ता नववीच्या मुलांनी त्यावर पहिली हलगी बसवली असून वाजवणाऱ्या आजोबांचे नाव फाइलवर लिहिले आहे. ते ऐकायला आजोबा स्वतः शाळेत आले होते. रबरी चौकोनावर बोट ठेवून त्यांनी आपलाच आघात ऐकला आणि म्हणाले, "जरा कमी तापली होती, पुन्हा एकदा घेऊ या." त्यासाठी येत्या शनिवारी ते पुन्हा येणार आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.